टँकरची रांग, शेंडेनक्षत्र आणि वेणू बाप्पू

मार्च २०१३. जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यातलं आमचं गाव. मी तेव्हा नववीत होतो. विहिरीनं जानेवारीतच तळ दाखवला होता आणि दादांची मोसंबीची बाग उभ्या उभ्या वाळत होती. गावात चार दिवसांतून एकदा टँकर यायचा. तो कधी येईल याचा नेम नाही, म्हणून घागरी आणि ड्रम आदल्या दिवशीच रांगेत लागायचे.

त्याच महिन्यात शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की दिवस मावळल्यावर पश्चिमेला, अगदी खाली, पॅनस्टार्स नावाचा धूमकेतू दिसतोय. रांगेत घागर ठेवून आम्ही तिघं-चौघं शाळेच्या गच्चीवर गेलो. सरांच्या दुर्बिणीतून एक फिकट ठिपका आणि वर उठलेली बारीकशी शेपटी दिसली. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, शेंडेनक्षत्र दिसलं की दुष्काळ पडतो. सर म्हणाले, दुष्काळाशी त्याचा काही संबंध नाही, उलट त्या ठिपक्यात मुख्यतः पाण्याचा बर्फच आहे.

मला आधी हसू आलं आणि मग राग आला. इथं आम्ही एका घागरीसाठी भांडतोय आणि तिकडं कोट्यवधी किलोमीटरवर पाणी नुसतं उडून चाललंय? आणि मुळात हे कळलं कसं? तिथं कोण गेलं होतं बघायला?

मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला एक माणूस भेटला. म्हणजे पुस्तकात भेटला, कारण माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, १९८२ सालीच तो गेला. आज त्याचीच गोष्ट सांगतो, आणि सोबत धूमकेतूवरचं पाणी ओळखायचं तंत्रही.

निजामाच्या राज्यातला पोरगा

मनाली कल्लट वेणू बाप्पू यांचा जन्म १० ऑगस्ट १९२७ चा, मद्रासमधला. घराणं मूळचं केरळातलं. पण ते वाढले हैदराबादला, कारण वडील तिथल्या निजामिया वेधशाळेत नोकरीला होते. आता हैदराबादचा आणि जालन्याचा काय संबंध, असं वाटेल. पण १९४८ पर्यंत आपलं जालनासुद्धा निजामाच्याच राज्यात होतं. जालना स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी, त्याआधी त्यातला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे आमचे आबा आणि वेणू बाप्पू लहानपणी एकाच संस्थानाचे रहिवासी होते. फरक इतकाच, की आबांच्या घरी बैल होते आणि बाप्पूंच्या घराला दुर्बिणीचा शेजार होता.

निजामिया वेधशाळेत त्या काळी मोठं काम चालू होतं. जगातल्या अनेक वेधशाळांनी मिळून अख्ख्या आकाशाचा फोटोंवरून नकाशा करायला घेतला होता आणि त्यातला एक पट्टा हैदराबादच्या वाट्याला आला होता. फोटो काचेच्या प्लेटवर घेतले जायचे. छोटा वेणू या प्लेटा बघतच मोठा झाला. निजाम कॉलेजात शिकताना त्याचं स्वतःचं ताऱ्यांचं निरीक्षणही चालू होतं.

अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेचे प्रमुख हार्लो शॅपली भारतात आले, तेव्हा हा तरुण त्यांना जाऊन भेटला. पुढं हैदराबाद सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९४९ च्या सुरुवातीला बाप्पू हार्वर्डला पोचले. इकडं पोलीस ॲक्शन होऊन जेमतेम काही महिने झाले होते. मराठवाडा नुकताच कुठं मोकळा श्वास घेत होता.

काचेवरचा धूसर डाग

२ जुलै १९४९. बाप्पूंना बावीस पूर्ण व्हायला अजून महिना बाकी होता. दुर्बिणीनं घेतलेली एक प्लेट तपासताना त्यांना ताऱ्यांच्या ठिपक्यांमध्ये एक वेगळाच धूसर डाग दिसला. तारा असा पसरट दिसत नाही. प्राध्यापक बार्ट बोक आणि सोबत शिकणारा गॉर्डन न्यूकर्क यांच्यासह खात्री करून घेतली, तर तो नवा धूमकेतू निघाला. त्याला बाप्पू-बोक-न्यूकर्क असं नाव मिळालं. या शोधाबद्दल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ द पॅसिफिकनं बाप्पूंना डोनोहो पदक दिलं.

तुम्ही फोनवर नाइट मोडमध्ये फोटो काढता तेव्हा काय होतं? फोन काही सेकंद प्रकाश साठवत राहतो, एकापाठोपाठ बरेच फोटो घेऊन ते एकमेकांवर चढवतो, आणि डोळ्यांना न दिसणारी गोष्ट उमटते. काचेची प्लेटसुद्धा तेच करायची, फक्त तिला बराच जास्त वेळ लागायचा आणि नंतर अंधाऱ्या खोलीत ती धुवावी लागायची. डिलीट करायची सोय नव्हती. प्लेट फुकट गेली की रात्र फुकट गेली.

योगायोग बघा. ज्या हार्वर्डमध्ये बाप्पू शिकत होते, तिथंच फ्रेड व्हिपल नावाचे शास्त्रज्ञ होते. धूमकेतू म्हणजे वाळू-खड्यांचा सैल ढीग असतो, असा तोवर बऱ्याच जणांचा समज होता. बाप्पूंचा धूमकेतू सापडल्यावर वर्षभरातच, १९५० मध्ये, व्हिपल यांनी वेगळी कल्पना मांडली. धूमकेतूचा गाभा म्हणजे बर्फ आणि धूळ यांचा मळकट गोळा. सूर्याजवळ आला की बर्फाची थेट वाफ होते, ती धूळ सोबत घेऊन उडते आणि शेपटी तयार होते. बर्फ मुख्यतः पाण्याचाच असावा, असा त्यांचा कयास होता. पण पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं.

पाणी दिसत का नव्हतं?

याचं कारण आपल्या डोक्यावरच आहे. आपल्या हवेत स्वतःचीच वाफ आहे. पाण्याचा रेणू इन्फ्रारेड प्रकाशाच्या काही ठरावीक तरंगलांबी शोषतो आणि सोडतो, त्यातली एक महत्त्वाची साधारण २.७ मायक्रॉनची. धूमकेतूवरच्या पाण्याचा हा प्रकाश पृथ्वीपर्यंत येतो, पण आपल्या हवेतली वाफ तो मध्येच गिळते. तोंडासमोर धुकं असताना लांबचं धुकं शोधण्यासारखं आहे हे.

घरी एक प्रयोग करून बघा. टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये रिमोटचा दिवा जांभळट चमकताना दिसेल. डोळ्यांना तो दिसत नाही, कारण तो इन्फ्रारेड आहे. पण फोनचा सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि साधारण १.१ मायक्रॉनच्या पुढं तोही आंधळा होतो. पाण्याच्या २.७ मायक्रॉनसाठी वेगळ्या पदार्थाचा, खूप थंड ठेवलेला सेन्सर लागतो. आणि तो हवेच्या वर न्यावा लागतो.

तोवर शास्त्रज्ञांनी आडवाट काढली होती. ऊन लागलं की पाण्याचा रेणू तुटतो आणि त्याचे हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल असे दोन तुकडे होतात. पाणी दिसत नसलं तरी तुकडे दिसतात. १९७० मध्ये ओएओ-२ या अवकाशातल्या दुर्बिणीनं टागो-साटो-कोसाका या धूमकेतूभोवती लाखो किलोमीटर पसरलेला हायड्रोजनचा ढग पाहिला. हा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश जमिनीवरून दिसणं शक्यच नव्हतं. घटनास्थळी पाऊलखुणा सापडल्या होत्या, माणूस सापडायचा बाकी होता.

परत यायचं की नाही?

बाप्पूंची १९५२ मध्ये पीएच.डी. झाली. मग ते कॅलिफोर्नियाच्या पालोमार वेधशाळेत गेले. त्या काळची जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण तिथंच होती. तिथं ऑलिन विल्सन यांच्यासोबत त्यांनी ताऱ्यांच्या प्रकाशातली कॅल्शियमची एक रेषा मोजली. ती रेषा जितकी रुंद, तितका तारा मूळचा जास्त तेजस्वी, असं लक्षात आलं. मूळचं तेज कळलं की अंतर काढता येतं. १९५७ मध्ये हे काम छापून आलं आणि आज जगभर ते विल्सन-बाप्पू परिणाम या नावानं शिकवलं जातं.

असा माणूस अमेरिकेतच राहिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १९५३ मध्ये बाप्पू परत आले. आणि इथं काय मिळालं? हैदराबादला मनासारखं काम नाही. बरेच महिने थांबल्यावर १९५४ मध्ये उत्तर प्रदेश सरकारच्या नव्या वेधशाळेत जागा मिळाली. ती वाराणसीत होती, पुढं नैनितालला हलवली. नवी वेधशाळा म्हणजे जवळपास रिकामी खोली. पालोमारच्या राक्षसी दुर्बिणीवरून उठून आलेल्या माणसानं तिथं पहिल्यापासून सुरुवात केली.

इथं मला माझं सांगायचंय. २०१९ मध्ये माझं बी.एस्सी. झालं. बाग तोवर गेलीच होती, दादांनी झाडं तोडून सरपण केलं होतं. एम.एस्सी. फिजिक्सला जायचं म्हटलं तर घरात सगळ्यांचा एकच प्रश्न, याचा उपयोग काय? जालन्यात स्टीलच्या कारखान्यात कामाला लाग, बियाण्याच्या कंपनीत लाग, दोन पैसे येतील. दादांचं चुकत नव्हतं. कर्ज होतंच. त्या उन्हाळ्यात मी बाप्पूंबद्दल मिळेल ते वाचत होतो, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, त्यांचं थांबणं. धूमकेतू शोधणं नाही, तर पदक खिशात असताना काम मिळायची वाट बघणं, आणि वाट बघतानाही विषय न सोडणं.

कावलूर

१९६० मध्ये बाप्पू तमिळनाडूतल्या कोडईकनालच्या जुन्या वेधशाळेचे संचालक झाले. तिथून सूर्याचे वेध उत्तम व्हायचे, पण ताऱ्यांसाठी रात्री निरभ्र असलेली आणि दिव्यांपासून लांब असलेली जागा हवी होती. त्यांनी दक्षिणेतल्या टेकड्या पालथ्या घातल्या आणि जावडी डोंगरातलं कावलूर गाव निवडलं. १९६८ मध्ये तिथं पहिली दुर्बीण बसली, फक्त ३८ सेंटिमीटरची, तीही आपल्याच कार्यशाळेत बनवलेली. १९७२ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीची एक मीटरची आली. १९७७ मध्ये युरेनसला कडी आहेत हे उघड झालं, तेव्हा ज्या ठिकाणांहून त्याच्या खुणा नोंदल्या गेल्या त्यांत कावलूरही होतं.

१९७१ मध्ये कोडईकनालच्या वेधशाळेचं रूपांतर भारतीय खगोलभौतिकी संस्थेत झालं आणि बाप्पू तिचे संचालक झाले. आता त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, २.३ मीटरची मोठी दुर्बीण, आणि ती बाहेरून विकत न आणता भारतातच बनवायची. आरसा बंगळूरला घासला गेला. मोबाइलच्या काचेवर ओरखडा उठला की आपण हळहळतो. इथं दोन मीटरहून मोठ्या काचेचा आकार प्रकाशाच्या तरंगापेक्षाही बारीक अचूकतेनं ठेवायचा असतो. त्याला वर्षं लागतात.

१९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचे अध्यक्ष म्हणून बाप्पूंची निवड झाली. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १९८१ मध्ये पद्मभूषण मिळालं. ऑगस्ट १९८२ मध्ये संघाचं अधिवेशन ग्रीसमधल्या पात्रासला भरलं, पण अध्यक्ष तिथं पोचू शकले नाहीत. म्युनिकमध्ये हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर १९ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचं निधन झालं. वय ५५. मोठी दुर्बीण अजून पूर्ण व्हायची होती.

१९८६ चे ते तीन महिने

६ जानेवारी १९८६ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते कावलूरच्या त्या २.३ मीटरच्या दुर्बिणीला वेणू बाप्पू दुर्बीण असं नाव दिलं गेलं. बरोबर त्याच वेळी ७६ वर्षांनी हॅलेचा धूमकेतू सूर्याकडं येत होता. ९ फेब्रुवारीला तो सूर्याच्या सगळ्यात जवळ पोचला.

त्याआधी, डिसेंबर १९८५ मध्येच, नासाच्या एका विमानानं १२ किलोमीटरहून जास्त उंचीवर जाऊन, म्हणजे बहुतेक वाफ खाली सोडून, हॅलेच्या प्रकाशात पाण्याच्या रेषा थेट पकडल्या होत्या. मार्चमध्ये सोव्हिएत यान वेगा-१ जवळून गेलं आणि त्याच्या इन्फ्रारेड उपकरणानं वाफ टिपली. १४ मार्चला युरोपचं जिओट्टो यान गाभ्यापासून फक्त ६०० किलोमीटरवरून गेलं. सेकंदाला ६८ किलोमीटर वेगानं धुळीचे कण आदळत होते, काही वेळ संपर्कही तुटला. पण त्याच्या मास स्पेक्ट्रोमीटरनं काम केलं होतं. धूमकेतूतून निघणाऱ्या वायूत सुमारे ८० टक्के पाणी होतं. व्हिपल बरोबर निघाले.

मास स्पेक्ट्रोमीटर म्हणजे काय? जालन्याच्या मोंढ्यात भरलेली गाडी वजनकाट्यावर चढवतात ना, तसा हा रेणूंचा काटा. रेणूला विजेचा भार द्यायचा, विद्युत किंवा चुंबकीय क्षेत्रातून पळवायचा आणि तो कसा वळला किंवा किती वेळात पोचला यावरून वजन काढायचं. पाण्याचं वजन १८. कार्बन डायऑक्साइडचं ४४. काटा खोटं बोलत नाही.

बाप्पू असते तर ते ५८ वर्षांचे असते. हे सगळं त्यांना बघायला मिळालं नाही.

टँकरच्या हिशोबात धूमकेतू

पुढचं मोठं पाऊल म्हणजे युरोपचं रोझेटा यान. २ मार्च २००४ ला निघालं आणि दहा वर्षांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये, ६७पी नावाच्या साधारण चार किलोमीटर लांबीच्या धूमकेतूजवळ पोचलं. पोचायच्या आधीच, जूनमध्ये, साडेतीन लाख किलोमीटरवरून, त्याच्या मायक्रोवेव्ह उपकरणानं पाण्याची खूण पकडली. सेकंदाला सुमारे ३०० मिली वाफ बाहेर पडत होती.

मी लगेच हिशोब केला. आमच्या गावचा टँकर दहा हजार लिटरचा. म्हणजे सव्वानऊ तासांत एक टँकर. ऑगस्ट २०१५ मध्ये धूमकेतू सूर्याच्या सगळ्यात जवळ आला तेव्हा हाच आकडा सेकंदाला सुमारे हजार लिटरवर गेला. दर दहा सेकंदाला एक टँकर, आणि तो रिकाम्या अवकाशात!

मग हेच पाणी कधीकाळी पृथ्वीवर येऊन आपले समुद्र भरले का? हे तपासायची युक्ती भारी आहे. काही पाण्यात साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन असतो. अशा रेणूचं वजन १८ ऐवजी १९ भरतं. आपल्या समुद्रात दर दहा लाख हायड्रोजनमागे साधारण १५६ जड असतात. रोझेटाच्या काट्यावर ६७पी मध्ये सुमारे ५३० भरले, तिपटीहून जास्त. म्हणजे हे आपलं पाणी नाही. पण २०११ मध्ये हर्शेल या अवकाश दुर्बिणीनं हार्टली-२ धूमकेतूत १६१ मोजले होते, जवळपास आपल्याइतकेच. आणि २०२४ मध्ये रोझेटाच्याच नोंदी पुन्हा तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की धुळीच्या कणांमुळं आधीचा आकडा फुगला असावा. गोष्ट अजून संपलेली नाही.

आमच्याकडचे लोक इथं हमखास लोणारचं नाव काढतात. मंठ्याहून लोणार जवळच. ते विवर आकाशातून आलेल्या दगडानं झालं हे खरं, पण सरोवरातलं पाणी त्या दगडासोबत आलेलं नाही. ते पावसाचं आणि झऱ्यांचं आहे.

आकाशातलं पाणी ओळखायच्या कामात आपलाही वाटा आहे. २००९ मध्ये चांद्रयान-१ वर बसवलेल्या नासाच्या उपकरणानं चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा दाखवल्या, त्याही ३ मायक्रॉनच्या आसपासच्या इन्फ्रारेडमध्येच.

दादांचा फोटो

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. मी गावी होतो. एम.एस्सी. झालं, आता जालन्यात मुलांना फिजिक्स शिकवतो. पगार फार नाही, पण कर्ज फिटत आलंय.

बाग होती त्या रानात मी आणि दादा गेलो. डोळ्यांना नीट काही दिसेना. मग फोन दगडाला टेकवून, नाइट मोड लावून, टायमरवर फोटो काढला. फोटोत शेपटी स्वच्छ उमटली. दादांनी फोन हातात घेऊन बराच वेळ ती मोठी करून पाहिली. मग विचारलं, यात पण पाणीच आहे का? मी हो म्हणालो. तुला कसं कळलं, तिथं कोण गेलं होतं, हे त्यांनी विचारलं नाही. पण मी सांगितलं. हैदराबादच्या एका पोराच्या काचेवरच्या डागापासून सुरुवात केली. घरी यायला उशीर झाला.

पुढचा धूमकेतू दिसेल तेव्हा तुम्हीही फोन कशाला तरी टेकवा, फ्लॅश बंद करा, टायमर लावा आणि जितका जास्त वेळ प्रकाश साठवता येईल तितका साठवा. फोटोत तुम्हाला पाणी दिसणार नाही. पण जो धूसर डाग दिसेल, तसल्याच एका डागावर बाप्पूंची नजर थांबली होती.